पाचवीच्या आधीची

जमना गेल्याचे कळले तेव्हा कमलाकांत सावरपाड्यावर एकसष्टावे घर लिहीत होता.

पाड्यावर घरे एकसष्टच, म्हणजे हे शेवटचे. घर झिपरूचे. झिपरू मिठागरावर कामाला गेलेला, आणि त्याची बायको बुधी उंबऱ्याशी उकिडवी बसून उत्तरे देत होती. कमलाकांतने मांडीवर फळी ठेवली होती आणि फळीवर छापील तक्ता. मुले किती? तीन. वये? मोठा नऊ, मधली सात, धाकटा दोन वर्षांचा. झालेल्यांपैकी मेली किती? बुधीने नकाराची मान हलवली. कमलाकांतने त्या रकान्यात शून्य घातले.

शाई वाळली नव्हती तोच मंगळ्या धापा टाकत वर आला. मंगळ्या गवताची गाडी घेऊन बोईसरला जाई. पोस्टातल्या माणसाने त्याला ओळखून त्याच्या हाती तार दिली होती. कमलाकांतने ती उघडली. मेव्हण्याची होती, मुंबईहून. जमना सकाळी गेली, लगेच या, एवढेच.

बुधीने विचारले, काय झाले. कमलाकांतने सांगितले की बायको वारली. बुधी उठून उभी राहिली. मग ती म्हणाली, "माजीपन दोन गेली, दादा. बस जरा. पानी देते."

तो पाणी प्याला. मग त्याने तक्त्याचे उरलेले तीन रकाने भरले. छप्पर गवताचे. पाणी ओढ्याचे. दिवा रॉकेलचा. खाली सही केली, तारीख घातली, तक्ता पिशवीत ठेवला आणि तो उठला. पुढे कितीतरी दिवस त्याला या तीन रकान्यांची लाज वाटत राहिली. बायको मेल्याचे कळल्यावर माणूस छप्पर कसले ते लिहितो. पण त्या वेळी हात थांबला नाही, हे खरे.

जमनाच्या पोटाचे ऑपरेशन होते. मोठे नाही, असे सांगितले होते. तिचा भाऊ चिंतू तिला घेऊन मुंबईला गेला आणि कमलाकांत मागे राहिला, कारण महिनाअखेर सावरपाड्याचे काम संपवायचे होते. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती आपली वही घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली होती. म्हणाली, "अहो, सावरपाड्याचं तुम्हाला एक दाखवायचं आहे." तो म्हणाला, टाके निघू देत, मग बघू.

टाके निघालेच नाहीत.

कमलाकांत मूळचा माकुणसारचा. मॅट्रिक झालेला, वय सेहेचाळीस, आणि अक्षर असे की वरिष्ठ ते इतरांना दाखवीत. तारापूरला अणुवीज केंद्राचे काम सुरू झाल्यापासून बोईसर स्टेशनावर हिंदी बोलणारे कामगार उतरू लागले होते, आणि त्यांच्या मागोमाग निरनिराळ्या पाहण्याही उतरल्या. त्यांतली एक पाहणी पालघरला भाड्याच्या दोन खोल्यांतून चाले. तिचे काम सोपे होते. एक गाव किनाऱ्याचे घ्यायचे, एक डोंगराचे. दोन्हीकडे घरोघर तेच प्रश्न विचारायचे आणि दोन्ही गावे शेजारी शेजारी ठेवून पाहायची. जिथे मुले जास्त मरतात तिथे एक नर्सबाई आणि औषधाची खोली मिळणार होती. नर्सबाईची जागा एकच मंजूर झाली होती.

डोंगराचे गाव हा सावरपाडा; किनाऱ्याचे होते नवापूरच्या पलीकडची खारवाडी. चौऱ्याऐंशी घरे, सगळी मासेमारीची. आणि खारवाडी जमनाचे माहेर.

पहिल्या महिन्यात कमलाकांत घरी येऊन कुरकुर करी, की बायका त्याच्यासमोर पदर ओढून बसतात आणि हो-नाहीच्या पुढे जात नाहीत. मग जमना त्याच्याबरोबर जाऊ लागली. तिला कुणी नेमले नव्हते. तो अंगणात बसून तक्ता भरी तेव्हा ती त्या घरच्या नाहीतर शेजारच्या चुलीपाशी जाऊन बसे. कधी कुणाचे तांदूळ निवडून दे, कधी कुणाच्या पोराच्या डोक्यातल्या उवा काढ. घरी आल्यावर ती शाळेच्या वहीत काहीतरी लिही. वहीच्या पहिल्या चार पानांवर साबण, तांदूळ, गोडेतेल यांची यादी होती. त्यापुढे बायकांचे बोलणे.

कमलाकांतने एकदा ती वही चाळली होती आणि हसून म्हटले होते की यात एक आकडा नाही. जमना म्हणाली, आकडे तुमच्याकडे आहेतच की.

तेरावे झाले आणि चौदाव्या दिवशी तो कचेरीत हजर झाला. वरिष्ठ एकनाथराव चांगला माणूस होता. अजून आठ दिवस रजा घ्या, म्हणाले. कमलाकांत नको म्हणाला. घरी बसून करायचे काय. तेव्हा एकनाथरावांनी दोन्ही गावांचे गठ्ठे त्याच्यापुढे ठेवले आणि बेरजा करायला सांगितले. शनिवारी समितीची बैठक होती, ठाण्याहून डॉक्टर वत्सलाबाई येणार होत्या. त्या दिवशी होता मंगळवार.

बेरजा बुधवारी दुपारी झाल्या. खारवाडीत झालेली मुले तीनशे बावन्न, त्यांतली मेलेली सदुसष्ट. शंभरात एकोणीस. सावरपाड्यात झालेली दोनशे त्रेचाळीस, मेलेली एकोणीस. शंभरात आठ. एकनाथरावांनी ते दोन आकडे पाहिले आणि चष्मा पुसला. एवढा फरक म्हणजे वाद घालायला जागाच उरली नाही, नर्सबाई खारवाडीला, असे ते म्हणाले आणि तक्ता टाईप करायला दिला. चिंतूला कुठून तरी आधीच कळले होते. त्याने खारवाडीत आपल्या घराची पुढची खोली रिकामी करून चुना मारायला घेतला होता. औषधाच्या खोलीला.

कमलाकांतला बरे वाटले. जमनाच्या गावाला काहीतरी मिळत होते.

त्या संध्याकाळी दिवा लावायच्या आधी त्याने तिची वही उघडली. वाचायला नव्हे. तिचे अक्षर बघायला. साबणाची यादी वाचली. मग पाने उलटत गेला. सावरपाडा असे लिहून खाली दोन रेघा ओढलेले पान आले.

त्यावर लिहिले होते: "बुधी, झिपरूची. पोरे तीन सांगते. मधली आणि धाकटा यांच्यात पाच वर्षे. मी विचारले, मध्ये? ती काही बोलेना. मग मी माझे सांगितले. तेव्हा म्हणाली, दोन होती, पाचवीच्या आधीच गेली. ती मोजीत नाहीत इथे. ह्यांना दाखवायचे."

त्याखाली आणखी सात बायकांची नावे होती आणि प्रत्येकीपुढे असेच काहीतरी.

कमलाकांतने वही मिटली. त्याला उंबरा आठवला, पाण्याचा तांब्या आठवला आणि बुधीचे बोलणे आठवले. माझी पण दोन गेली. त्याच क्षणी त्याच्या मांडीवरच्या कागदावर तिच्या नावापुढचे शून्य ओले होते. तिने कागदाला शून्य सांगितले होते आणि त्याला दोन. दोन्ही त्यानेच ऐकले आणि एकच लिहिले.

गुरुवारी तो कचेरी उघडायच्या आधी दारात उभा होता. सावरपाड्याचा गठ्ठा सोडून त्याने पहिल्यापासून तक्ते काढले, पण या वेळी मेलेल्यांचा रकाना बघितला नाही. मुलांची वये बघितली. नऊ, सात, दोन. बारा, सहा, चार. दहा, आठ, तीन. स्वतःच्या हाताने लिहिलेली वये. एका मुलापासून दुसऱ्यापर्यंत दोन-अडीच वर्षे, आणि मध्येच कुठेतरी पाच, सहा. चार वर्षांहून मोठे अंतर अडतीस घरांत निघाले. मग त्याने खारवाडीचा गठ्ठा घेतला. तिथे अशी अंतरे चौऱ्याऐंशीतल्या अकरा घरांत होती.

त्याने हे एकनाथरावांना सांगितले. एकनाथरावांनी ऐकून घेतले, चहा मागवला, आणि मग शांतपणे म्हणाले की तुमच्यावर प्रसंग ओढवला आहे, अशा वेळी माणसाला भलतेसलते दिसते. कमलाकांतने वही पुढे केली. एकनाथरावांनी पान वाचले आणि वही परत दिली. आठ बायकांचे बोलणे, ते म्हणाले, आणि तेही तुमच्या घरच्या माणसाने टिपलेले. त्यावरून दोन गावांचा निकाल फिरवायचा का. आणि अंतराचे म्हणाल तर पाड्यावरचे पुरुष सहा-सहा, आठ-आठ महिने मिठागरावर असतात. मुले होणार कशी?

"आठ महिने जातात," कमलाकांत म्हणाला. "पाच वर्षं नाही जात."

एकनाथरावांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग त्यांनी सरळ सांगितले. आज गुरुवार आहे. तक्ते टाईप झाले आहेत, एक प्रत ठाण्याला गेली आहे. उद्या रजा हवी तर घ्या आणि वर जाऊन या. जे आणाल ते आकड्यात आणा. बोलणे आणू नका, बोलण्याला समिती काय करणार. आणि खारवाडीची सदुसष्ट मुले मेली आहेत, ती कुणी खोटी म्हणणार नाही. त्या गावाच्या तोंडचे काढायचे असेल तर हातात काहीतरी असू द्या.

हे शेवटचे कमलाकांतला लागले, कारण ते खरे होते. खारवाडीच्या सदुसष्टांतली तीन जमनाच्या थोरल्या बहिणीची होती.

शुक्रवारी सकाळच्या शटलने तो पालघरहून बोईसरला उतरला. स्टेशनाबाहेर सिमेंटच्या पोत्यांचा ट्रक आणि टपरीवर कामगारांची गर्दी. मंगळ्याची गाडी रिकामी परत चालली होती, तिच्यात तो बसला. रस्ता संपला तिथून चालत वर गेला.

पाड्यावर अर्ध्या घरांना कड्या होत्या. माणसे कामाला पांगली होती. राहिलेल्या बायकांनी त्याला पाहिले आणि एकेक करून आत गेल्या. तो बुधीच्या दाराशी उभा राहिला. बुधीने त्याला ओळखले, पाणी दिले, बायकोचे विचारले. त्याने मग सांभाळून विचारले की त्या दिवशी तू दोन म्हणालीस, ती कोणती? बुधीचा चेहरा एकदम बंद झाला. म्हणाली, मी काय नाय बोलले. आणि तीही आत गेली.

तो अंगणात एकटाच राहिला. बारा वाजून गेले होते, आणि साडेपाचची शटल चुकली तर शनिवारच्या बैठकीला वेळेवर पोचणे कठीण होते. त्याने दुसऱ्या घराशी जाऊन पाहिले, तिसऱ्या घराशी पाहिले. कुणी बाहेर आले नाही. जमना असती तर ती एव्हाना चुलीपाशी बसली असती. त्याला बायकांच्या चुलीपाशी जाता येत नव्हते.

शेवटी एक म्हातारी काठी टेकत आली. नवसी, पाड्याची सुईण. बायकांनीच बहुतेक तिला आपल्याला हाकलायला पाठवले असावे, असे त्याला वाटले. ती त्याच्यासमोर ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बायांना काय इचारतोस? मला इचार."

त्याने विचारले. पाचवीच्या आधी गेलेली मुले.

नवसी म्हणाली की अशी मुले नसतात. पाचव्या दिवशी ती तांदूळ मांडते, मूल सटवाईपुढे ठेवते, त्यानंतर ते घरातले झाले. त्याच्या आधी ते कुणाचेच नाही, आले तसे गेले. त्याला नाव नाही, त्याच्यामागे रडायचे नाही, त्याला मोजायचे नाही. आणि कागदावर तर नाहीच. कागदावर घेतले की त्याला नाव लागते, आणि नाव लागले की ते घर मागायला येते. पुढच्या पोराला घेऊन जाते.

कमलाकांतने समजावून पाहिले. नर्सबाईचे सांगितले. औषधाचे सांगितले. नवसी ऐकत राहिली. तिला नर्सबाईचे काही विशेष वाटले नाही. मग तिने उलट त्यालाच विचारले.

"तुला पोरं किती?"

"नाहीत."

"झालीच नाय?"

"नाही," कमलाकांत म्हणाला.

नवसी पुढे झुकली. मग म्हणाली, "तुजी बायको तर सांगत होती. पोरगा होता. चार दिसांचा."

बावीस वर्षे झाली होती. माकुणसारला, आईच्या घरी. मुलगा चार दिवस होता. पाचव्या दिवशी काय करायचे त्याची तयारी झाली होती आणि ती करावी लागली नाही. आई म्हणाली होती, आता याचे नाव कुणी काढायचे नाही, आणि कुणी काढले नाही. पुढे मूल झाले नाही. जनगणनेला, कचेरीच्या नोंदीला, लोकांना, कुणीही विचारले की तो सांगे, नाहीत. त्याला ते खोटे वाटले नव्हते. जमना त्याबद्दल कधी बोललीच नाही, असे तो समजून होता. ती इथे बोलली होती. या पाड्यावर, परक्या बायकांत, एकेका चुलीपाशी बसून तिने आधी आपला मुलगा सांगितला होता आणि मग त्यांचे विचारले होते. "मग मी माझे सांगितले," असे तिने वहीत लिहिले होते, आणि तो ते वाचूनही पुढे गेला होता.

"होता," तो म्हणाला. "एक झाला होता."

नवसी काठी टेकत आत गेली. तो उठून निघायच्या बेतात असताना ती सुपात चिंचोके घेऊन बाहेर आली.

तिने अट घातली. घराचे नाव घ्यायचे नाही. बाईचे नाव घ्यायचे नाही. त्याने पेन खिशात ठेवायचे. ती फक्त स्वतः ज्या घरांत बाळंतपणाला गेली ती घरे मनात धरणार होती, ओढ्याच्या अलीकडची तेवीस. पलीकडच्या घरांची सुईण वेगळी, ती दोन वर्षांपूर्वी मेली, तिचे तिच्याबरोबर गेले.

नवसी डोळे मिटून बसली. ओठ हलत होते. मध्येच एक चिंचोका सुपातून जमिनीवर ठेवी. कधी लागोपाठ दोन. कधी बराच वेळ काही नाही. एकदा तिने ठेवलेला परत उचलला, मान हलवली, पुन्हा ठेवला. घरांच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. बुधीही होती. एका बाईने पदर तोंडात धरला होता.

ऊन ओट्यावरून खाली उतरले तेव्हा नवसीने डोळे उघडले. जमिनीवर चौतीस चिंचोके होते.

त्याने ते दोनदा मोजले. मग तिने सगळे गोळा केले आणि चुलीत टाकले.

तो जवळजवळ धावत खाली आला. शटल मिळाली. डब्यात बसून त्याने पिशवीतून तक्ते काढले, आणि त्या तेवीस घरांचे वेगळे केले. त्या घरांत त्याने झालेली मुले लिहिली होती ब्याण्णव, मेलेली सात. आता झालेली एकशे सव्वीस, मेलेली एक्केचाळीस. शंभरात तेहेतीस. मग त्याने त्याच तेवीस घरांतली मोठी अंतरे मोजली, बुधीचे दोनदा धरून. एकोणतीस भरली. चिंचोके चौतीस. पाच कुठली? मधले स्टेशन गेले, पालघर आले तेव्हा त्याच्या ध्यानात आले. जे मूल पहिलेच होऊन गेले त्याच्या आधी कुणी नसते. त्याचे अंतर कुठल्याच तक्त्यात दिसणार नाही. त्याच्या स्वतःच्या मुलाचे दिसले नसते तसे.

शनिवारी अकराला बैठक सुरू झाली. पुढे वत्सलाबाई, शेजारी एकनाथराव, बाकावर दोन्ही गावांची माणसे. सावरपाड्याकडून कुणी आले नव्हते. खारवाडीकडून चिंतू आला होता, धुतलेल्या सदऱ्यात, आणि त्याने कमलाकांतला हात करून जवळ बसायला जागा ठेवली होती. कमलाकांत तिथे बसला नाही.

एकनाथरावांनी टाईप केलेला तक्ता वाचला. मग, हे त्यांना करावेच लागले असते असे नाही, ते म्हणाले की आमच्या कारकुनाला एक सांगायचे आहे.

कमलाकांत उभा राहिला. त्याने आधी अंतरे सांगितली, मग जमनाच्या वहीतल्या आठ बायका, मग चिंचोके. वाक्ये नीट आली नाहीत. पण आकडे नीट सांगितले. चिंतू आधी गोंधळून ऐकत होता. तेहेतीस हा आकडा आला तेव्हा त्याने मान खाली घातली.

वत्सलाबाईंनी एकदाही त्याला मध्ये थांबवले नाही. तो थांबल्यावर त्यांनी कागद मागून घेतला, अंतरे आणि चिंचोके यांच्या बेरजा पाहिल्या, पहिल्या खेपेच्या पाचांचे पुन्हा समजून घेतले. मग म्हणाल्या की डोंगरातला आकडा चुकला आहे हे मला पटले. पण आता मला सांगा, खारवाडीत हे असेच विचारले होते का?

"नाही," कमलाकांत म्हणाला. "तिथे छापील प्रश्नच विचारले."

त्या म्हणाल्या की मग एका गावाला तुम्ही एका रीतीने विचारले आणि दुसऱ्याला दुसऱ्या. पाड्याच्या बायका लपवतात आणि किनाऱ्याच्या लपवत नाहीत, हे तुम्ही धरून चालला आहात. कदाचित तिथेही असेल काही. पाचवी नाही तर सहावी असेल, बारावे असेल. काल जुळत नव्हते, आजही जुळत नाही. त्यांनी निर्णय पुढे ढकलला. नर्सबाईची जागा मार्चअखेरपर्यंत धरून ठेवता येते, त्यानंतर ती परत जाते. तोवर खारवाडीत याच रीतीने विचारून घ्या, म्हणाल्या. मग कागद परत देताना त्यांनी विचारले, "ही वही कुणाची? त्यांनाच पाठवा तिथे. त्यांना विचारता येतं."

एकनाथरावांनी टेबलाकडे पाहिले. चिंतूनेही.

"ती नाही," कमलाकांत म्हणाला. "गेल्या महिन्यात गेली."

वत्सलाबाईंनी पेनाला टोपण लावले. मग त्या उठून उभ्या राहिल्या आणि बैठक संपली.

चिंतूने त्याला फलाटावर गाठले. तो ओरडला नाही. म्हणाला, खोलीला चुना मारून झाला, दाजी. पोरींनी उंबऱ्यावर रांगोळीसुद्धा घातली. मार्चपर्यंत कोण विचारणार घराघरांत जाऊन? आणि जागा गेली तर ना तिकडे, ना इकडे.

"ताईचं गाव हाय ते," चिंतू म्हणाला. "तिनं असं केलं नसतं."

कमलाकांतने वही काढून त्याला दिली, सावरपाड्याचे पान उघडून. चिंतूला वाचायला वेळ लागला. वाचून त्याने पुढची पाने उलटली, बहिणीचे अक्षर बघत, जसे कमलाकांतने बघितले होते. शेवटच्या लिहिलेल्या पानाशी तो थांबला आणि वही परत कमलाकांतपुढे धरली. हे पान कमलाकांतने पाहिले नव्हते. मुंबईला जायच्या दिवशीची तारीख होती.

"खारवाडीत हेच विचारायचे राहिले. माहेर म्हणून जीभ उचलत नाही. बरी झाल्यावर थोरल्या वहिनीपासून सुरू करायचे."

चिंतूची गाडी आली आणि तो चढला. थोरली वहिनी म्हणजे भावांत थोरल्या चिंतूचीच बायको, गोदूबाई. कमलाकांतच्या तक्त्यात तिच्या नावापुढे चार मुले आहेत आणि मेलेले एकही नाही. थोरल्या दोन मुलांत सहा वर्षांचे अंतर आहे.

सोमवारी कमलाकांतने कचेरीत अर्ज दिला की खारवाडीसाठी एक बाई नेमावी. उत्तर आलेले नाही. बुधीच्या तक्त्यावर शून्य तसेच आहे, कारण लिहायचे नाही असे नवसीशी ठरले होते. खारवाडीची चौऱ्याऐंशी घरे आहेत आणि त्यांतल्या एकाही घरी अजून विचारलेले नाही.